बगळ्याच्या हौदावरची जोडी

भामा पडली तेव्हा हैदराबादेतल्या हिमायतनगरचे दीडशे लोक हसले. त्यातल्या निम्म्यांना घरच्या ओल्या मोरीतसुद्धा धड उभं राहता येत नव्हतं.

ही १९५६च्या फेब्रुवारीतली गोष्ट. एका जुन्या नवाबाच्या बंगल्यामागे, जिथे पूर्वी बग्ग्या उभ्या राहत, तिथे सिमेंटची गुळगुळीत फरशी ओतून काही हौशी मंडळींनी स्केटिंगचा क्लब काढला होता. पायात चाकांचे बूट घालून मुलं तिथे फिगर स्केटिंग शिकत. गिरक्या घेत, उड्या मारत, एका पायावर आठाचा आकडा काढत. भामा अकरा वर्षांची, हायकोर्टात वकिली करणाऱ्या एकनाथरावांची मुलगी. तिचा जोडीदार गोविंद बारा वर्षांचा, बांधकाम खात्यातल्या हणमंतरावांचा मुलगा. दोघांची घरं एकाच गल्लीत. तीन वर्षं ती दोघं जोडीने स्केटिंग करत होती. क्लबातली सगळ्यात चांगली जोडी आपलीच, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की बाकीच्या मुलांशी ती बोलतानासुद्धा जरा वरूनच बोलत.

त्या दिवशी सामने होते. शेवटी मोठी गिरकी होती. गोविंदने एका जागी फिरायचं आणि भामाने त्याचा हात धरून, अंग जवळजवळ जमिनीला टेकवत, त्याच्याभोवती गोल जायचं. दुसऱ्या फेरीत हात सुटला. भामा फरशीवरून घसरत गेली ती थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांत घुसली. गोविंद पाठीवर आपटला आणि उलट्या झुरळासारखे हातपाय हलवत राहिला. लोक हसले ते तेव्हाच. भामाचं मनगट मोडलंय हे कळल्यावरही पाठीमागच्या रांगा हसतच होत्या.

क्लबचे सेक्रेटरी हिम्मतराव. निवृत्त तहसीलदार. उन्हाळ्यातही शेरवानी घालत. स्केटिंगचा बूट त्यांनी उभ्या जन्मात पायात घातला नव्हता, पण तो कसा घालावा यावर ते अर्धा तास बोलू शकत. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मुलगा भित्रा निघाला. हातात हात दिलेली मुलगी ज्याला धरवत नाही, त्याने चाकं बांधू नयेत, बांगड्या भराव्यात."

लोक आणखी हसले. टाळ्यासुद्धा पडल्या.

"मी हात सोडला नाही," गोविंद म्हणाला. कुणी ऐकलं नाही. त्याने भामाकडे बघितलं. भामा मनगट पोटाशी धरून रडत होती. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी हिम्मतरावांनी दोघांचीही नावं क्लबच्या फळ्यावरून पुसून टाकली. गल्लीतली मुलं गोविंदला 'बांगडीवाला' म्हणू लागली. भामाच्या हाताला सहा आठवडे प्लास्टर होतं. प्लास्टर निघालं तरी तिने स्केटचे बूट ट्रंकेतून काढले नाहीत, आणि गोविंद रस्त्यात दिसला की ती पलीकडच्या फुटपाथवर जाई.

मे महिन्यात आईने तिला मलकपेठला आत्याकडे पाठवलं. सुशीलाबाई आत्या शाळेत गणित शिकवत. त्यांना स्केटिंगचा तिटकारा होता. शेवयांचा आणि वर्तमानपत्रातल्या कोड्यांचाही होता.

"पायाला चाकं लावून गोल गोल फिरायचं आणि परत तिथंच यायचं," आत्या म्हणायच्या. "घाण्याच्या बैलालाही त्याची लाज वाटत असेल गं. निदान तेल तरी निघतं."

तरी आईने पाठवलेल्या ट्रंकेत ते बूट होतेच. का, ते आईलाच ठाऊक.

आत्यांच्या घरामागे बर्फाचा कारखाना होता. दुपारी पाणी प्यायला बर्फ हवा म्हणून आत्यांनी भामाला बादली देऊन पाठवलं. ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. कारखान्याचे हमाल भुशाच्या ढिगावर झोपले होते. भामा कुणाला उठवावं असा विचार करत मागच्या बाजूला गेली. तिथे एक मोठा चौकोनी हौद होता, यंत्रांचं पाणी गार करायचा. एरवी त्यात हिरवं पाणी आणि बेडूक असायचे.

हौद गोठला होता. या काठापासून त्या काठापर्यंत पांढरा, कडक, आणि वरच्या उन्हालाही वितळवता येऊ नये असा. मधोमध एका पायावर एक बगळा उभा होता.

"क्या देखरी?" बगळा म्हणाला. "बर्फ पाहिला नाहीस कधी? बादली घेऊन आलीस म्हणजे पाहिला असशील."

भामाच्या हातातून बादली पडली.

"आवाज नक्को," बगळा म्हणाला. तो बर्फवाल्या गाडीवानांत वाढलेला असावा, तसंच बोलत होता. "हमाल उठतील. तेही इथं येऊन पडतील. पडणारी माणसं बघून बघून मला कंटाळा आलाय. तूही पडणारीच ना?"

"मी क्लबातली सगळ्यात चांगली स्केटर होते," भामा म्हणाली. बगळा बोलतो याचं आश्चर्य करायचं ती विसरूनच गेली, इतका तिला राग आला.

"होतीस," बगळा म्हणाला. "बूट आण."

भामा पळत घरी गेली. आत्या झोपल्या होत्या. तिने ट्रंक उघडून बूट काढले, हौदाच्या काठावर बसून नाड्या बांधल्या आणि बर्फावर पाय ठेवला. करकर असा आवाज झाला. तिने खाली बघितलं तर चाकं गेली होती, आणि त्यांच्या जागी एकेक लखलखीत पातं आलं होतं.

ती निघाली. अंगावर गार वारा आला. मे महिन्यात, मलकपेठमध्ये! तिने एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि मग हिंमत करून एक साधी गिरकी घेतली. अर्ध्यातच ती डगमगली आणि बसली.

"ही गिरकी?" बगळा म्हणाला. "माझी आंधळी आजी मासा चुकली की अशी फिरायची."

"माझा हात मोडला होता, म्हणून..." भामाने सुरुवात केली.

तिच्या पायाखालचा बर्फ मऊ झाला. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, आणि ती कमरेपर्यंत हिरव्या पाण्यात उभी राहिली. बाकीचा बर्फ होता तसाच होता. बगळाही.

"आता कळलं?" तो म्हणाला. "हा बर्फ माझा आहे. सबब याला सोसत नाही. सबब सांगितलीस की वितळला."

"पण मी कित्येक दिवस सराव केला नाही..." काठावर चढता चढता भामा म्हणाली, आणि काठाजवळचा बर्फही गेला.

"दोन," बगळा म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

भामा नखशिखान्त भिजून घरी गेली; बुटांना पुन्हा चाकं आली होती. मासे खाणाऱ्या पक्ष्याकडून मी अपमान करून घेणार नाही, असं तिने मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता ती हौदावर हजर होती.

पंधरा दिवस ती रोज गेली. बगळ्याने एकदाही तिला चांगलं म्हटलं नाही. उडी मारली की तो विचारी, "शिंकलीस का?" एका पायावर आठाचा आकडा काढला की म्हणे, "हा आठ आहे? पत्त्यात लिहिला तर पत्र परत येईल." पण एक गोष्ट भामाच्या ध्यानात आली. तो तिला नावं ठेवी तशीच हमालांना ठेवी, कावळ्यांना ठेवी, कारखान्याच्या मालकाला ठेवी, सूर्याला ठेवी. तिच्या पडण्यावर तो कधी हसला नाही. त्याला हसू येतच नसावं. ती पडायची, उठायची, ओठ आवळून पुन्हा निघायची. सबब न सांगता उठायला तिला बारा दिवस लागले. त्यानंतर गिरकी पुरी व्हायला दोनच.

मग एके दुपारी बगळ्याने पाय बदलला आणि विचारलं, "तू जोडीने स्केटिंग करायचीस ना? पोट्टे, मग अर्धीच का येतेस?"

"त्याने माझा हात सोडला," भामा म्हणाली.

या वेळी नुसता पायाखालचा बर्फ गेला नाही. सबंध हौद कडाडला आणि एका क्षणात पाणी झाला. भामा गळ्यापर्यंत बुडाली. बगळा फडफडत भिंतीवर जाऊन बसला. त्याने तिच्याकडे बघितलं, पण पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

बोलायची गरजही नव्हती. हात कुणी सोडला हे भामाला माहीत होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी बूट बांधता बांधता गोविंद म्हणाला होता, "बाबा म्हणतात हैदराबाद राज्य मोडणार. मराठवाडा वेगळा होणार. आम्हाला औरंगाबादला जावं लागेल." भामा खाली मान घालून नाडीच बांधत राहिली, तेव्हा तो नाक उडवून म्हणाला, "बरंच झालं. तिथं मला तुझ्याहून चांगली जोडीदारीण मिळेल." मोठ्या गिरकीत, दुसऱ्या फेरीला, भामाला ते वाक्य आठवलं. गोविंदचा हात तिच्या हातात घट्ट होता. तिने बोटं उघडली. जा मग, असं तिच्या मनात आलं, इतकंच. पुढे फरशी, खुर्च्या आणि मनगट येईल हे तिच्या मनात आलं नव्हतं. आणि त्यानंतर लोक गोविंदला भित्रा म्हणाले, बांगडीवाला म्हणाले, तेव्हा ती तीन महिने गप्प बसली.

रविवारी ती घरून पुस्तकं आणायच्या निमित्ताने बसने हिमायतनगरला गेली. गोविंद गल्लीतल्या भिंतीवर बसून चिंच खात होता.

"मलकपेठला ये," भामा म्हणाली. "आत्याच्या घरामागं एक हौद आहे. गोठलेला. बगळा स्केटिंग शिकवतो."

"ऊन लागलंय तुला," गोविंद म्हणाला आणि चिंचोका थुंकला.

"बूट घेऊन ये."

"कशाला? पुन्हा पाडायला? तू तिकडच्या फुटपाथवरून चालत जा, तुला ते छान जमतं."

"तू भित्रा नाहीस ना?" भामा म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःचीच किळस आली, पण दुसरं काय बोलावं ते तिला सुचलं नाही.

गोविंद भिंतीवरून उतरला, लाल झालेल्या तोंडाने घरात गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता सायकलवरून मलकपेठच्या हौदावर आला. हौद पुन्हा गोठलेला होता. बगळा मधोमध उभा होता. गोविंदने तोंड उघडलं.

"मिटव," बगळा म्हणाला. "माशा जातील."

तो पहिला दिवस म्हणजे नुसतं पाणीच पाणी होतं. गोविंद म्हणाला, तू वाकडी येतेस, आणि छातीपर्यंत बुडाला. भामा म्हणाली, तू घाई करतोस, आणि ती बुडाली. तासाभरात हौदात बर्फापेक्षा भोकंच जास्त झाली.

"दोन बेडूक," बगळा म्हणाला. "आणि मी बेडकं खातो, शिकवत नाही."

भामा पाण्यात उभी होती. दात वाजत होते. ती म्हणाली, "गोविंद, हात मी सोडला. फेब्रुवारीत. मुद्दाम. तू औरंगाबादचं बोललास म्हणून."

गोविंद पाण्यातून बाहेर आला, ओल्या कपड्यांनीच सायकलवर बसला आणि निघून गेला. मागे वळून त्याने बघितलंसुद्धा नाही.

भामाच्या भोवतीचा बर्फ मात्र हळूहळू पुन्हा कडक झाला.

गोविंद तीन आठवडे आला नाही. शाळा सुरू झाल्या, भामा हिमायतनगरला परतली, पण दर रविवारी आत्यांकडे जायची परवानगी तिने आईकडून घेतली. एका रविवारी पावसाची भुरभुर चालू होती, आणि हौदाच्या काठावर गोविंद बूट बांधत बसला होता.

"चांगली जोडीदारीण मिळेल असं मी म्हणालो, ते खोटं होतं," तो नाडीकडे बघत म्हणाला. "औरंगाबादला स्केटिंगचा रिंकच नाही. मला जायचंच नाही तिकडे. तुला तरी वाईट वाटावं म्हणून बोललो."

"वाटलं," भामा म्हणाली.

"माझं खोटं मी तुला सांगितलं. आता तुझं तू सगळ्यांना सांगशील? माइकवर? जिथं तो हिम्मतराव मला बांगड्या भर म्हणाला, तिथं?"

"सांगेन," ती म्हणाली.

"झालं का रडून?" बगळा ओरडला. "पाऊस थांबायच्या आत एक तरी गिरकी दाखवा. काल एक मेंढी इथं घसरली, ती तुमच्याहून बरी फिरली."

पावसाळाभर त्यांनी दर रविवारी सराव केला. एकदा गोविंदने बगळ्याला विचारलं की राज्याचे तीन तुकडे होणार, एक मुंबईला, एक म्हैसूरला, एक आंध्राला, मग तुझा हौद कुणाच्या वाट्याला?

"सरहद्द आखलीय ना नवी?" बगळा म्हणाला. "परवाच तिच्यावर शिटून आलो. दोन्ही बाजूंना."

मोठ्या माणसांना मात्र त्या वर्षी दुसरं काही सुचत नव्हतं. कचेऱ्यांतली कपाटं, खुर्च्या, फायली यांच्या वाटण्या चालल्या होत्या. ते सरकारचं काम होतं, समजण्यासारखं होतं. पण हिम्मतरावांना वाटलं, आपला क्लब मागे का राहावा? काही सभासद मराठवाड्याकडे जाणार, काही कर्नाटकाकडे, बाकीचे इथेच राहणार. त्यांनी समिती नेमली. समितीने चहा पीत चार बैठका घेतल्या आणि क्लबच्या मालकीच्या स्केट्सची न्याय्य वाटणी केली. अकरा जोड होते, म्हणजे बावीस बूट. तिघांना सात-सात. उरलेल्या एका बुटाबद्दल समितीत हातघाईची वेळ आली. सातचे जोड लागत नाहीत, हे भांडणाच्या भरात एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. बूट तीन खोक्यांत भरले, उरलेला एक चौथ्या खोक्यात, आणि हिम्मतरावांनी प्रत्येकावर लाख ओतून दौतीच्या बुडाने मोहोर उमटवली. ते करताना त्यांचा चेहरा असा होता की जणू हैदराबाद त्यांनीच वसवलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. फळ्यावर भामा-गोविंदचं नाव नव्हतं. तरी दोघं गेली. सुशीलाबाई आत्याही आल्या, "किती लोक वेळ वाया घालवतात ते मोजायला." गोविंदचे आईवडील, मालनबाई आणि हणमंतराव, दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांचं सामान बांधून झालं होतं.

हिम्मतरावांचं भाषण पंचवीस मिनिटं चाललं. ते पाणी प्यायला थांबले तेवढ्यात भामा पुढे गेली आणि तिने माइक ओढून घेतला.

"फेब्रुवारीत गोविंदने मला पाडलं नव्हतं," ती म्हणाली. "हात मी सोडला होता. मुद्दाम सोडला. तो भित्रा नाही. मी तीन महिने खोटी गप्प बसले, आणि मग आणखी पाच महिने बसले."

दुसऱ्या रांगेत मालनबाई उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या.

हिम्मतरावांनी पेला खाली ठेवला. "आता त्याचं काय, मुली?" ते म्हणाले. "तो विषय आता आपल्या अखत्यारीत नाही. तो मुलगा मुंबई राज्याकडे गेला."

कुणीतरी हसलं. भामाने हिम्मतरावांकडे नीट बघितलं. आठ महिने ती या माणसाला घाबरत होती. शेरवानीचं वरचं बटण त्यांनी चुकीच्या काजात घातलं होतं, आणि त्यामुळे सबंध माणूस तिरका दिसत होता. तिला एकाएकी ते इतके क्षुल्लक वाटले की भीती वाटायला जागाच उरली नाही.

"काका, मुलं स्केटिंग कशी करणार?" तिने विचारलं. "बूट कुठे आहेत?"

तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदाच समितीपुढे आला. रिंकच्या कडेला दहा-बारा मुलं नुसत्या मोज्यांवर उभी होती. बूट मोहोरबंद खोक्यांत होते. हिम्मतराव म्हणाले की खोकी एक नोव्हेंबरच्या आधी उघडता येणार नाहीत. समितीतले दुसरे गृहस्थ म्हणाले, एक नोव्हेंबरनंतरही येणार नाहीत. तिसरे म्हणाले, तो एक बूट आमचाच आहे. तिघं माइकपाशीच भांडू लागले, आणि ते भांडण लाउडस्पीकरवरून नारायणगुड्यापर्यंत ऐकू गेलं.

भामा खोक्यांपाशी गेली. तिने पहिल्या खोक्याची लाख दगडाने फोडली.

"मोहोर!" हिम्मतराव किंचाळले. "मोहोर फोडली!"

"दौत होती ती," आत्या पाठीमागून मोठ्याने म्हणाल्या. "मी इथून बघतेय, लाखेवर 'टेकडी छाप' उमटलंय."

आता मात्र लोक हसले, आणि या वेळी भामाला नाही. गोविंदने दुसरं खोकं फोडलं. बाकीची मुलं धावली. चारही खोक्यांतले बूट फरशीवर एकत्र ओतले गेले, आणि डावा-उजवा शोधता शोधता पाच मिनिटांत अकराच्या अकरा जोड लागले.

भामा आणि गोविंद सगळ्यात शेवटी उतरली. सिमेंटची फरशी बर्फासारखी नव्हती, चाकं अडत होती, खरखरत होती. पहिली उडी बरी झाली. दुसऱ्या उडीनंतर गोविंदचं चाक एका खड्ड्यात अडकलं आणि तो भामाला घेऊनच पडला. दोघांचे गुडघे फुटले.

मागच्या रांगा हसल्या. त्यांना तेवढंच येत होतं.

"कुठून?" गोविंदने विचारलं.

"जिथे पडलो तिथून," भामा म्हणाली. ती उठली, त्यालाही उठवलं, आणि दोघांनी त्याच उडीपासून पुढे सुरुवात केली. मोठी गिरकी आली. भामाने हात पुढे केला. गोविंदने तो धरण्याआधी एक क्षण तिच्याकडे बघितलं. मग धरला. ती जमिनीला टेकत गोल गेली, एकदा, दोनदा, तीनदा, तिचे केस फरशीवरून लोळत गेले, डोक्यावरचे दिवे एकमेकांत मिसळून एक पिवळा पट्टा झाला, आणि ती हात धरूनच वर आली.

मुलं ओरडली. मोठ्या माणसांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या. हिम्मतरावांनी लगेच माइक घेऊन सांगितलं की हे सारं क्लबच्या शिस्तीमुळेच शक्य झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं मलकपेठला गेली. हौदात हिरवं पाणी होतं. बगळा काठावर उभा राहून काहीतरी गिळत होता.

"पडलात?" त्याने विचारलं.

"एकदा," भामा म्हणाली.

"मग बाकीचा वेळ काय करत होतात?"

"फिरत होतो," गोविंद म्हणाला. "चांगले फिरलो. तू काहीही म्हण."

बगळ्याने मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं. "हौ?" तो म्हणाला. "तर मग माझा बर्फ कैकू खराब करायचा?" त्याने पंख उघडले, कारखान्याच्या धुराड्यावरून एक घिरटी मारली आणि मुशी नदीच्या दिशेने उडून गेला. त्यानंतर भामा पुष्कळदा तिथे गेली. हौदात बेडूक असत, क्वचित बगळेही असत. पण ते सगळे साधे होते, आणि तिला बघून उडून जात.

नोव्हेंबरात दिवाळी झाली आणि तिसऱ्या दिवशी हणमंतरावांचं कुटुंब काचीगुड्याहून मनमाडच्या गाडीने निघालं. भामा आत्यांबरोबर स्टेशनवर गेली. गोविंद वरच्या फळीवर वळकट्या लावत होता. मालनबाई खिडकीशी बसल्या होत्या. भामाकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"काकू," भामा म्हणाली, "माझं चुकलं."

"आठ महिने माझ्या पोराने मान वर केली नाही," मालनबाई फलाटाकडे बघत म्हणाल्या. "जेवताना ताटावरून उठून जायचा. तुला घरातून दिसत होतं सगळं. समोरच तर घर."

"हो," भामा म्हणाली.

इंजिनाने शिटी दिली. मालनबाईंनी पायाशी चाचपून बघितलं आणि त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई, तांब्या रिकामाच राहिला. औरंगाबादपर्यंत पाणी नाही."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. हणमंतराव सामान मोजत होते. मग त्यांनी तो फिरकीचा तांब्या खिडकीतून बाहेर भामाच्या हातात ठेवला.

नळ फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होता. भामा धावली. नळावर चार माणसं होती, ती त्यांच्या कोपराखालून घुसली. तांब्या भरता भरता गाडी हलली. फिरकी लावायला वेळ नव्हता. ती तांब्या दोन्ही हातांनी धरून डब्याच्या बरोबरीने पळत सुटली, पाणी तिच्या परकरावर, पायांवर, फलाटावर सांडत होतं, डब्याच्या दारातून गोविंद अर्धा बाहेर लोंबकळून ओरडत होता, "पळ, भामे, पळ!" मालनबाईंचा हात खिडकीतून बाहेर आला आणि त्यांनी तांब्या ओढून घेतला.

"अर्धा सांडलास," त्या म्हणाल्या.

पण तांब्या त्यांनी मांडीवर नीट ठेवला, आणि गाडी वळणापर्यंत जाईतो त्या खिडकीतून मागे बघत होत्या.

"चल," सुशीलाबाई आत्या म्हणाल्या. "परकर वाळव आधी. उद्या तुझी गणिताची परीक्षा आहे, आणि अपूर्णांक तुला येत नाहीत."

"येतात," भामा म्हणाली.

"येत नाहीत," आत्या म्हणाल्या. त्यांनी रिक्षा थांबवली आणि आधी भामाला चढायला लावलं.